दाखल-खारीज रजिस्टरातला एक मोडी शेरा आणि वऱ्हाडातल्या सुरुवातीच्या शाळा

पूर्णाकाठ

मंडळी, पुतण्याच्या जात पडताळणीसाठी पणजोबांच्या शाळेचा उतारा हवा होता, म्हणून मागच्या आठवड्यात गावी जाऊन आलो. गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. नाव मुद्दाम देत नाही. उगाच कुणाचे आजे-पणजे उकरल्यासारखं व्हायला नको.

शाळेच्या बाईंनी लोखंडी कपाटातून, खिचडीच्या तांदळाच्या गोण्या सरकवून, लाल खारव्यात बांधलेलं बासन काढलं. दाखल-खारीज रजिस्टर. पहिली नोंद १९०९ ची. वाळवीनं उजवा कोपरा भाकरीचा घास घ्यावा तसा खाल्लाय, त्यामुळे दर पानावरची शेवटची दोन पोरं अर्धीच उरलीत. जन्मतारखेच्या रकान्यात निम्मं गाव १ जुलैला जन्मलेलं. खारीज होण्याची कारणं मात्र वाचतच राहावीत अशी: 'ढोराकडे', 'वखरावर', 'गाव सोडले', 'सतत गैरहजर', 'बाप मेला'. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाल शाईनं सात नावांपुढे एकच शब्द, 'मयत'. सातव्या नावापाशी टाक कोरडा पडत आला असावा, 'त' जेमतेम उमटलाय.

पणजोबा सापडले. दुसरीतून खारीज, कारण 'वखरावर'. उतारा मिळाला, काम झालं.

पण १९११ च्या पानावर एक नोंद आहे. जात महार, बापाचा धंदा 'गावकी'. त्या काळच्या पानांवर ही जात पहिल्यांदाच दिसते. शेऱ्याच्या रकान्यात मोडीत काहीतरी लिहिलंय, बाकी सगळं बाळबोध (म्हणजे देवनागरी) असताना हेच मोडीत. मी लावून लावून 'परत आला' असं वाचलं. पण पोरगा त्याच दिवशी दाखल झालाय, तर परत कुठून आला? फोटो खाली जोडलाय, मोबाईलचा आहे, सांभाळून घ्या.

दोन प्रश्न. एक, हा शेरा काय आहे? दोन, आपल्या भागात सरकारी शाळा आल्या कधी, आणि त्यांचा पैसा कोण भरायचा? गावात सगळे सांगतात की 'इंग्रजानं शाळा दिली'. दिली म्हणजे नेमकं काय दिलं?

आडवा_वखर

बाप्पा बाप्पा, काय धागा काढला भाऊ! वाचनखूण साठवली.

खामगावची_जीन

दुसऱ्या प्रश्नाचं मला जमेल तेवढं.

आधी एक घोळ दूर करू. आज आपण सरसकट विदर्भ म्हणतो, पण शाळांच्या इतिहासात वऱ्हाड आणि नागपूर ही दोन वेगळी घरं आहेत. वऱ्हाड निजामाचा. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ च्या करारानं तो कंपनीच्या ताब्यात गेला; कागदोपत्री मालक निजाम, कारभार इंग्रजांचा. नागपूरचं भोसल्यांचं राज्य वारस नसल्याचं निमित्त करून १८५४ मध्ये खालसा झालं आणि १८६१ ला मध्य प्रांत तयार झाला. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडेपर्यंत दोन्हीकडची शिक्षणखाती वेगळी, पुस्तकं वेगळी. परीक्षासुद्धा वेगळ्या दिशांना जायच्या: वऱ्हाडचं तोंड मुंबईकडे आणि नागपूरचं आधी कलकत्त्याकडे, मग अलाहाबादकडे. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९२३ उजाडलं.

मध्य प्रांतात शिक्षणखातं १८६२ ला उभं राहिलं, वऱ्हाडात १८६६ च्या सुमारास. वऱ्हाडात सरकारी हायस्कुलं दोनच, अमरावती आणि अकोला. खाली गावोगाव मराठी शाळा. माणसं आणि पुस्तकं मुंबई इलाख्यातून येत. मेजर कँडीच्या हाताखाली तयार झालेली मराठी क्रमिक पुस्तकं पुण्या-मुंबईला चालत, तीच आपल्याकडे. एक गोष्ट मात्र वऱ्हाडची खास. इतर प्रांतांत शिक्षणखात्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बहुधा गोरा साहेब असताना आपल्याकडे रावबहादुर श्रीराम भिकाजी जठारांसारखा मराठी माणूस त्या जागी बसला.

आता पैसा. याचं उत्तर तुमच्या पणजोबांच्या सातबाऱ्यात आहे, म्हणजे त्याच्या आजोबात. जमीनमहसुलाच्या वर जादा पट्ट्या बसत: रस्त्याची, शाळेची, टपालाची, वऱ्हाडात जागल्याचीसुद्धा. शाळापट्टी सारा भरणाऱ्या प्रत्येकाकडून वसूल व्हायची, त्याचं पोरगं शाळेत जावो न जावो. त्यामुळे 'इंग्रजानं दिली' हे अर्धंच खरं. हुकूम इंग्रजाचा, पैसा कास्तकाराचा.

चुलबंद

आमच्या लाखांदूरकडे सगळे सांगतात शाळा मालगुजारानं दिली. वाड्याची ओसरी होती, तिथंच भरायची. म्हणजे तुमच्याकडेही मालगुजारच असणार.

खामगावची_जीन

नाही हो, तिथंच तर फरक आहे. मालगुजार भंडारा-नागपूर-चांद्याकडे. वऱ्हाडात मोजणी झाली ती मुंबईच्या पद्धतीनं, प्रत्येक खातेदाराशी सरळ. आमच्याकडे गावात मोठा माणूस पाटील किंवा देशमुख असेल, पण अख्ख्या गावाच्या वतीनं सारा भरणारा मालगुजार नाही. तुमच्याकडे मालगुजारानं पट्टी भरली असेल, पण ती त्यानं कुळांकडूनच काढली असणार, स्वतःच्या खिशातून नव्हे. ओसरी मात्र त्याची, आणि ओसरी ज्याची त्याचंच नाव राहतं.

चुलबंद

हं. हे आजीला सांगायचं कसं, ती अजून 'मालगुजारसाहेबाची शाळा' म्हणते 😀

उगाच_विचारतो

सगळं मान्य, पण पट्टी निजामही वसूल करत होता आणि भोसलेही. त्यांनी त्यातून किती शाळा काढल्या? निदान इंग्रजांनी पट्टीच्या बदल्यात शाळा तरी दिली. आपल्याला प्रत्येक ठिकाणी इंग्रजांना शिव्या दिल्याशिवाय चैन पडत नाही.

बुढा_मास्तर

शिव्या कोणी देत नाहीये हो. पण त्याआधी काहीच नव्हतं असंही नाही. मी जनपद सभेच्या शाळेत शिकलो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, म्हणजे मी पाहिलं ते सगळं पुढचं. पण माझ्या वडिलांना शिकवणारे पंतोजी मी लहानपणी पाहिलेत. ऐंशीच्या घरात होते. दिसायचं कमी, पण समोरून जाणाऱ्या पोराला हाक मारून 'तीन औट किती?' विचारायचे. साडेदहा असं तोंडातून आलं नाही की काठी वाजायची. मला वाजलेली आहे.

सरकारी शाळेच्या आधी पंतोजीची गावठी शाळा असे. ओटा, देऊळ, एखाद्या सावकाराचा ओसरा, जिथं जागा मिळेल तिथं. पाटीवर बारीक धूळ पसरून त्यावर बोटानं किंवा काडीनं गिरवायचं. चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी. 'ओनामा' शब्द आपण आरंभ या अर्थानं वापरतो तो 'ॐ नमः सिद्धम्' या पहिल्या धड्यातून आला. मग पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. तीस वर्षं गणित शिकवून सांगतो, ही काही पोपटपंची नव्हती. रुपया सोळा आण्यांचा, मण चाळीस शेरांचा, शेर सोळा छटाकांचा. पाव-अर्ध्या-पाऊणच्या हिशेबाशिवाय कापसाचं माप कळणारच नाही, आणि माप कळलं नाही तर अडत्या तुम्हाला उभ्यानं विकणार. पंतोजीची शाळा म्हणजे बाजारात फसू नये याची शाळा होती.

पैसे कमीच, शिधा जास्त. ज्वारी, तूर, सणाला गूळ-खोबरं. पोरांची हजेरी मास्तरच्या पोटाशी बांधलेली, म्हणून गैरहजर पोराला चार पोरं पाठवून उचलून आणायचे.

सरकारी शाळा आली तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. एक, मास्तरचा पगार गावाच्या हातून सुटला. आता त्याला गावापेक्षा 'डिप्टीसाहेब' मोठा. डिप्टी म्हणजे शाळा तपासायला येणारा इन्स्पेक्टर. त्याच्या एका शेऱ्यावर मास्तरची बढती-बदली आणि बऱ्याच शाळांची ग्रँटही अवलंबून. डिप्टी येणार म्हटलं की आठ दिवस आधी जमीन सारवायची, तोरण लावायचं, आणि ज्या पोरांना काही येत नाही त्यांना त्या दिवशी ढोराकडे पाठवायचं. (मी हेडमास्तर असताना असलं काही केलं नाही असं म्हणणार नाही.)

दुसरी गोष्ट भाषेची. ती आमच्या आडव्या वखराला विचारा.

आडवा_वखर

मास्तर तुम्ही मले बराबर पकडता.

तर आयका राजेहो. माहा आजा दुसरीलोक गेला. शाया भरे मारोतीच्या देवयात. मास्तर पुन्याकडचा, धोतर कडक, टोपी कडक. आमचे पोट्टे 'डोये', 'केयी', 'काया' म्हनत. मास्तर म्हने 'डोळे' म्हणा. आजा म्हने 'डोये'. छडी. मंग एक दिवस मास्तरनं इचारलं, तू कोठे आला आहेस? आजा म्हने, 'शायेत'. 'शाळेत म्हण.' 'शायेत.' 'शाळेत!' 'शायेत!' पाच छड्या.

आज्यानं घरी येऊन मायले सांगतलं, जे जागेचं नावच मले घेता येत नाई तिथं मी कायले जाऊ? दुसऱ्या दिवसापासून बैलं चाराले. रजिस्टरात त्याच्या नावापुढे 'ढोराकडे' असंनच लिहिलं असन. ढोरं तं त्याले 'डोये' म्हटल्यावर मारत नोहोती.

बुढा_मास्तर

'ढोराकडे' हे कारण मी हजार वेळा लिहिलं असेल. तुझा आजा आता डोक्यातून जाणार नाही.

संत्रा_बर्फी

अवांतर, पण अगदीच नाही. नागपूरकडच्या खेड्यातल्या शाळेची एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही.

स्टीफन हिस्लॉप १८४५ ला नागपुरात आला, पुढच्या वर्षी शाळा काढली. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाचं, ते निघालं त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ ला. मिशनरी होता, पण दगड-जीवाश्मांचा वेडा. 'हिस्लोपाइट' हे खनिज त्याच्यामुळे त्या नावाचं. सप्टेंबर १८६३ मध्ये प्रांताचा मुख्य रिचर्ड टेंपल याच्याबरोबर तो टाकळघाटची दगडांची प्राचीन वर्तुळं पाहायला गेला. परतताना टेंपल पुढे गेला आणि हिस्लॉप वाटेत बोरीला थांबला. कशाला, तर तिथली गावातली शाळा तपासायला. तपासणीत उशीर झाला, मधल्या नाल्याला पूर आला, आणि अंधारात घोड्यावरून पार होताना तो वाहून गेला.

आज त्या बाजूला बुटीबोरीचं एमआयडीसी आहे, ट्रक चोवीस तास चालतात. मी तिथं सहा वर्षं नोकरी केली. १८६३ साली त्या गावात शाळा होती आणि ती तपासायला कुणी थांबलं होतं, हे मला नोकरी सोडल्यावर कळलं. शाळेत कोण पोरं असतील त्या दिवशी? 'साहेब आला होता, मग बुडाला' असं त्यांनी घरी सांगितलं असेल का?

उगाच_विचारतो

चांगली आठवण. पण माझा मुद्दा तसाच राहिला. इंग्रज नसते आले तर तो महाराचा पोरगा १९११ ला शाळेत आला असता का? पंतोजीनं घेतला असता?

कामठी_लोकल

उगाचराव, मी उत्तर देतो, कारण तो प्रश्न आमच्या घरचा आहे.

पंतोजीनं घेतला नसता, हे खरं. आणि १८५४ च्या वूडच्या खलित्यापासून 'सरकारी शाळा सर्वांना' हे धोरण, हेही खरं. पण शाळा भरायची कुठं ते वर आडवा वखरानं सांगितलंय, वाचा. मारुतीच्या देवळात. देवळात शाळा भरली की आपोआप ठरलं की कोण आत आणि कोण बाहेर. कुणाला कायदा करावा लागला नाही, कुणी नकार लिहून दिला नाही. सरकारनं हुकूम दिला 'सर्वांना', गावानं जागा दिली देऊळ. दोघंही आपापल्या परीनं निर्दोष! जागेचं भाडं वाचलं आणि धर्मही वाचला.

आणि शाळापट्टी? ती इनामाच्या तुकड्यावर आणि अर्धेलीच्या वावरावर कुठल्या ना कुठल्या वाटेनं आमच्याकडूनही निघायचीच. नेमका हाच हिशेब महात्मा फुल्यांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढे मांडला होता: सरकारच्या तिजोरीत पैसा शूद्र-अतिशूद्र कष्टकऱ्यांचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या वरच्या शिक्षणावर. अमरावती-अकोल्याच्या हायस्कुलांत कोण बसत होतं आणि पट्टी कोण भरत होतं, ते ताडून पाहा.

म्हणून आमच्या लोकांनी वाट पाहिली नाही. मोहप्याच्या किसन फागूजी बनसोड्यांनी नागपुरात शाळा काढल्या. कामठीच्या रेल्वे स्टेशनवर हमाली केलेल्या जाईबाई चौधरींनी मुलींची शाळा काढली. डोक्यावर प्रवाशांच्या ट्रंका वाहिलेली बाई! माझ्या आजीची मोठी बहीण तिथं गेली होती, निदान आजी तसं सांगायची. आमच्या घरात 'शाळा' म्हटलं की इंग्रजाचं नाव निघत नाही, जाईबाईचं निघतं.

उगाच_विचारतो

देवळाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. ठीक.

खामगावची_जीन

कामठी लोकल, +१. त्याला एक पुस्ती जोडतो. शाळा भरायची किती वेळ, तेही पाहा. मध्य प्रांतात कास्तकारांच्या पोरांसाठी खेड्यात अर्ध्या दिवसाची शाळा असायची: सकाळी तीनेक तास अभ्यास आणि मग वावरात. हुशारीची सोय होती, कुचेष्टा करत नाही. वेचणीच्या दिवसांत पूर्ण दिवसाची शाळा ठेवली तर वर्गात मास्तर एकटाच. पण अर्ध्या दिवसात शिकलेला पोरगा पूर्ण दिवस शिकलेल्याच्या मागेच राहणार आणि हायस्कूलचं दार त्याला आपोआप बंद. पुन्हा तेच, कुणी नकार लिहून दिला नाही.

त्यात दुष्काळ. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९००, म्हणजे छप्पनचा (संवत १९५६). पोटाला नाही तिथं पाटी कुठली. सावरत नाहीत तोवर १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. धागाकर्त्यांच्या रजिस्टरात लाल शाईतली सात नावं आहेत ती तिचीच असावीत. त्या साथीत देशात सर्वांत जास्त मार बसलेल्या प्रांतांपैकी आपला एक.

मोडीची_लेक

धागा आज पाहिला. फोटो फार धूसर आहे, फ्लॅश मारलाय का? टाकाच्या शाईवर फ्लॅश मारला की चमक येते. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, पान सपाट धरून पुन्हा काढता येईल का? शेजारच्या दोन-तीन ओळीही घ्या, त्याच हातचं बाळबोध दिसलं तर वळण कळतं.

एवढं सांगते की 'परत आला' वाटत नाही. मोडीत शब्द तोडत नाहीत, सगळी ओळ एका दमात. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ एकच. त्यामुळे माणूस आपल्याला हवा तो शब्द त्यात पाहतो. माझ्याकडे एकदा एका खरेदीखतात घरमालकाला 'विहीर' दिसत होती, प्रत्यक्षात 'वहिवाट' निघाली. भाऊबंदांत सहा महिने भांडण चाललं होतं.

पूर्णाकाठ

काढतो. शाळेला दोन दिवस सुट्टी आहे, सोमवारी बाईंना विचारतो. तोवर एकानं १९२० च्या कायद्याबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होता, त्याबद्दल कुणी लिहील का? रजिस्टरात १९२९ पासून नोंदी एकदम दाट झाल्यात आणि जातीच्या रकान्यातही बदल दिसतो.

खामगावची_जीन

गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९११ ला कलकत्त्यात आणलं, ते पडलं. आपल्या प्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० चा. पण त्यात सक्ती थेट नव्हती. स्थानिक संस्थेला वाटलं तर तिनं आपल्या हद्दीत लागू करायची. म्हणजे सगळं जिल्हा कौन्सिलात कोण बसलंय यावर.

दर्यापूर म्हणजे अमरावती जिल्हा. १९२८ ला तिथं जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले पापळचे पंजाबराव देशमुख, नुकतेच परदेशातून शिकून आलेले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा धडाका त्यांनी तिथूनच लावला, शाळांवरही जोर दिला. १९३० ला ते प्रांताचे शिक्षणमंत्रीच झाले आणि १९३२ मध्ये अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. तुमच्या रजिस्टरातल्या १९२९ च्या दाटीचं कारण तिथं शोधायला हरकत नाही. घाईनं निष्कर्ष काढू नका, एखाद्या नव्या उत्साही मास्तरामुळेही दाटी होते.

बुढा_मास्तर

खरंय. मास्तर बदलला की रजिस्टर बदलतं.

पुढची एक गोष्ट राहू नये म्हणून. १९३७-३८ ला रविशंकर शुक्लांची 'विद्यामंदिर' योजना आली. गावानं जमीन दान द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा आणि मास्तर दोघंही चालायचे. त्याच सुमाराला वर्ध्याला गांधीजींची नई तालीम परिषद भरली होती, हवा ती होती. नावातल्या 'मंदिर' शब्दाला मुस्लिम लीगनं जोरात विरोध केला, भांडण प्रांतभर गाजलं. आमच्या आजोळी अजून एका धुऱ्याला 'इद्यामंदिराचा धुरा' म्हणतात. शाळा त्या जमिनीवर कधी चालली नाही, तूर मात्र चांगली होते.

आडवा_वखर

तूर होते म्हंजे योजना सफल! 😂

चुलबंद

मोडीताई, सोमवार झाला, फोटो आला का?

पूर्णाकाठ

आला. बाईंनी स्वतः पान धरलं, खिडकीपाशी. त्यांनाही आता नाद लागलाय. १९११ ची ओळ आणि आसपासच्या तीन. वर जोडलेत.

मोडीची_लेक

वाचलं.

'तरट आपले'.

ओळीच्या शेवटी अपूर्ण आहे, पुढं वाळवीचा घास. पण ही तीन अक्षरं आणि पुढची तीन, यात मला शंका नाही. शेजारच्या बाळबोध ओळीतल्या 'त' आणि 'र' ची लकब तीच. 'परत आला' वाटतं कारण शब्द तोडलेले नाहीत आणि आपण 'परत' शोधत असतो. मी दोन जाणत्यांनाही दाखवलं, न सांगता. दोघांनी तेच वाचलं.

उगाच_विचारतो

तरट म्हणजे गोणपाट ना? आपले म्हणजे?

कामठी_लोकल

म्हणजे बसायचं तरट त्यानं घरून आणायचं. शाळेच्या बसायच्या पट्टीवर, इतर पोरांच्या ओळीत नाही. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत तरट घेऊन जात आणि संध्याकाळी परत घेऊन येत, कारण शाळा झाडणारा माणूसही त्याला हात लावत नसे. मास्तरानं इथं फक्त नोंद केली, आणि तीही मोडीत, म्हणजे डिप्टीच्या नजरेला सहज पडू नये म्हणून असेल किंवा सवयीनं असेल.

माझे आजोबा तरट गुंडाळून काखेत धरायची नक्कल करायचे. आम्ही पोरं हसायचो. कधी विचारलं नाही की ही नक्कल कशाची आहे.

बुढा_मास्तर

(दोनदा लिहून पुसलं.)

पूर्णाकाठ

मी आज परत जाऊन आलो. बाईंनी शाळा सुटल्यावर तासभर बसू दिलं. पहिल्या पानापासून नोंदी पाहिल्या, आता काय शोधायचं ते माहीत होतं.

तोच शेरा चार जागी आहे: १९११, १९१३ ला दोन, १९१६ ला एक. १९११ चा पोरगा पाच महिन्यांनी खारीज, कारण 'सतत गैरहजर'. १९१३ चे दोघे भाऊ असावेत, बापाचं नाव एकच. धाकटा चौथीपर्यंत गेलाय. चौथी! माझे पणजोबा दुसरीतून वखरावर. १९१६ च्या पोराचं नाव १९१८ च्या लाल शाईत आहे, सातातलं तिसरं.

१९२१ च्या एका नोंदीत जात तीच आणि शेरा नाही. पण तिथं अक्षरही बदललंय, मास्तर दुसरा. तरट गेलं की तरट लिहायची पद्धत गेली, ते मला ठरवता येईना. शाळा तेव्हा देवळातून नव्या खोलीत आली होती का, याची नोंद बाईंना माहीत असलेल्या दुसऱ्या वहीत असू शकते. 'लॉगबुक' म्हणतात तिला, डिप्टीचे शेरे त्यात असत. ती पंचायतीच्या खोलीत आहे म्हणे, कुलूप कुणाकडे ते विचारायचंय.

मोडीची_लेक

लॉगबुक सापडलं तर मी स्वतः येते. दर्यापूरला एसटीनं उतरले की पुढं काय?

पूर्णाकाठ

फाट्यापर्यंत काळीपिवळी, तिथून मी गाडी घेऊन येतो. शनिवारी या, पण लवकर. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेदहाला बाई निघून जातात.

आडवा_वखर

मीबी येतो. आज्याचं रजिस्टर आमच्या गावच्या शायेत असन तं तेबी पाहू. तिथं कोनी 'शाळा' म्हनाले लावलं तं मीच परत जाईन.